नदीअलीकडची सात घरं

आमच्या घरातून दूध आणायला निघालं की दोनशे पावलांत देश बदलतो. मी इंग्लंडमध्ये राहते आणि माझं दूध वेल्समध्ये मिळतं. मधे टीम नावाची नदी, तिच्यावर दगडी पूल. पुलाच्या त्या टोकाला लाल ड्रॅगनची पाटी आहे, वेल्समध्ये स्वागत असो, दोन भाषांत. या टोकाला रेल्वे स्टेशन आणि आमची सात घरं. स्टेशनला नाव पलीकडच्या गावाचं, पण स्टेशन उभं आहे इंग्लंडमध्ये. लंडनहून पाहुणे आले की मी हे सगळं पुलावर उभी राहून हात पसरून सांगते, आणि ते ऐकता ऐकता फोन काढून बघतात की मी थापा तर मारत नाही ना.

मी डिस्ट्रिक्ट नर्स आहे, घरोघरी जाऊन पेशंट बघणारी. सर्जरी, म्हणजे डॉक्टरांचा दवाखाना, पलीकडच्या गावात आणि पेशंट दोन्हीकडच्या टेकड्यांवर, त्यामुळे सकाळभरात मी सीमा आठ-नऊ वेळा ओलांडते. कुठं चौकी नाही, कुठं तार नाही. रस्त्याचं डांबर एकदम काळं किंवा एकदम फिकट होतं, कारण दोन कौन्सिलांनी वेगवेगळ्या साली ओतलेलं असतं. चाकाखाली ‘स्लो’च्या जोडीला ‘अराफ’ असं लिहिलेलं आलं की समजायचं, वेल्समध्ये पोचलो. या बाजूला गावांची नावं ‘टन’ आणि ‘ली’नं संपतात, त्या बाजूला ‘ल्लान’नं सुरू होतात. पण नियम म्हणून सांगायला जावं तर इंग्लंडात चार मैल आत वेल्श नावाचं फार्म निघतं आणि माणूस तोंडघशी पडतो. आमचा कचरा सोमवारी नेतात, पुलापलीकडचा गुरुवारी. त्यांना औषधं फुकट, आम्हाला नाहीत. लॉकडाऊनमध्ये दोन देशांचे नियम निराळे होते, तेव्हा मी गाडीत कामावर असल्याचं एक पत्र ठेवून हाच पूल ओलांडायची.

मोठं शहर जवळपास नाही. अर्ध्या दिवसाच्या चालीवर एकेक बाजाराचं गाव, त्यात एक घड्याळाचा मनोरा, एक चर्च, जुन्या किल्ल्याचा गवत उगवलेला उंचवटा, आणि मेंढ्यांचा बाजार भरण्याची जागा. बाकी सगळी सुटी फार्म्स, डोंगराच्या कुशीत एकेकटी. आणि या सगळ्यावरून उत्तर-दक्षिण गेलेला एक मातीचा बांध. हजारभर वर्षांहून जुना आहे, कुण्या इंग्लिश राजानं घातलेला. आमच्या घरामागच्या टेकडीवरून तो जातो. पलीकडच्या गावाचं वेल्श नाव त्याच्यावरूनच पडलंय.

“म्हणजे बांधगाव,” अण्णा म्हणाले होते, मी फोनवर पहिल्यांदा सांगितलं तेव्हा. तेच नाव आमच्या घरात राहिलं.

अण्णा म्हणजे माझे वडील. तालुक्याच्या मोजणी ऑफिसातून सर्व्हेअर म्हणून निवृत्त झालेले. उभा जन्म साखळी आणि प्लेन टेबल घेऊन लोकांच्या बांधावरून चालण्यात गेला. कुणी कुणाचा बांध कोरला, कुणी हद्दीचा दगड उपटून चार पावलं सरकवला, हे त्यांना लांबून दिसायचं. आई गेली त्याच्या पुढच्या एप्रिलमध्ये ते सहा महिन्यांच्या व्हिजिटर व्हिसावर आमच्याकडं आले. वय अठ्ठ्याहत्तर. माझा बेत असा होता की दर उन्हाळा त्यांनी इथं काढायचा. पुण्याच्या फ्लॅटमध्ये ते एकटे, भिंतीकडं बघत बसणार, हे मला सहन होत नव्हतं. मी त्यांना तसं बोलले नव्हते. आधी त्यांना घर आवडू दे, मग विचारू, असं ठरवलं होतं.

इथं आमच्या घराण्याबद्दल एक गोष्ट सांगायला हवी. अण्णांचं बालपण गावकुसाबाहेर गेलं. सातारा जिल्ह्यातलं गाव, आणि आमच्या लोकांची वस्ती त्याच्या पूर्वेला, ओढ्याच्या खालच्या अंगाला. पश्चिमेचा वारा आणि ओढ्याचं पाणी आधी गावाला लागायचं आणि मग वस्तीला. आमच्याकडं गावकीची जी कामं होती त्यात एक होतं शीव सांभाळण्याचं. दोन गावांत हद्दीचा तंटा झाला की माझ्या आजोबांना बोलावणं यायचं. ते पुढं चालायचे, पाटील आणि पंच मागून. आजोबा थांबतील तिथं शीव. त्यांच्या पावलांवर दोन्ही गावं विश्वास ठेवायची, पण त्या पावलांना गावातल्या विहिरीच्या पायऱ्या चढता येत नव्हत्या. आजोबांच्या हयातीतच आम्ही बौद्ध झालो, गावकीची कामं टाकली, आणि अण्णा शिकून सरकारी सर्व्हेअर झाले. शीव दाखवण्याचं काम घरातच राहिलं, फक्त आता पगार, टेबल आणि खुर्ची मिळाली.

हे सगळं मला लहानपणापासून पाठ होतं. तरी पुढं जे झालं ते माझ्या ध्यानात यायला तीन आठवडे लागले. मी पुण्यात तिसऱ्या मजल्यावर वाढलेली बाई. दिशा मला फोन सांगतो.

आल्याच्या दुसऱ्या दिवशी अण्णा चहा पिऊन फिरायला निघाले. मी खिडकीतून बघत होते. ते पुलाच्या मध्यापर्यंत गेले, थांबले, पलीकडच्या गावाकडं बघितलं, मग वळून आमच्या सात घरांकडं बघितलं. बराच वेळ. आणि परत आले.

“कसं वाटलं?” मी विचारलं.

“घर बरं आहे.”

बरं! लोकांच्या घराला अण्णा बरं म्हणतात. मला आतून लागलं, पण म्हटलं प्रवासाचा शीण असेल.

मग प्रश्न सुरू झाले. रोज एक, जेवताना, सहज विचारल्यासारखा.

“वारा कुठनं येतो गं इथं?”

“पश्चिमेकडून. वेल्समधून. पाऊस पण तिकडूनच.”

“आणि गावाचं सांडपाणी?”

“मला काय माहीत अण्णा! कुठंतरी प्लांट असेल.”

“नदी गावाला आधी लागते का आपल्याला?”

मी नकाशा बघून सांगितलं की साधारण गावावरूनच खाली येते. अण्णांनी मान हलवली आणि भाकरीचा तुकडा मोडला. मला वाटलं, सर्व्हेअर माणूस, सवय आहे.

पूल मात्र त्यांनी ओलांडला नाही. आमच्या बाजूची टेकडी ते रोज चढायचे, बांधावर तास-तास बसायचे. परत आल्यावर सांगायचे, की खंदक वेल्सच्या बाजूला आहे आणि मातीचा भराव इंग्लंडच्या, म्हणजे या बाजूच्या माणसानं त्या बाजूच्या माणसाला दूर ठेवायला घातलाय. पण गावात चला म्हटलं की गुडघा दुखायचा. लायब्ररीत मराठी नाही तरी इंग्रजी पेपर आहेत म्हटलं, तर चष्मा जुना व्हायचा. टेकडी चढणारा गुडघा सपाट पुलावर कसा दुखतो, हे मी नर्स असूनही मला उमगेना.

“अण्णा, तुम्हाला वाटतंय का की पलीकडं जायला पासपोर्ट लागतो?” मी एकदा हसत विचारलं.

“माहीत आहे मला, लागत नाही ते,” ते म्हणाले, आणि उठून आत गेले.

माझी मुलगी तेव्हा पंधरा वर्षांची होती. जन्म वेम्बलीचा, सातव्या वर्षापासून इथं. तिचं मराठी म्हणजे आनंदच. पण आजोबांशी ती इंग्रजीत बोलायची नाही, हट्टानं मराठीतच बोलायची. त्या दिवशी शाळेतून आली आणि म्हणाली, “आई, आजोबाने माझा वहीत मॅप काढला आहे. सो नीट! बघ ना.”

मी बघितलं. खरंच सुरेख नकाशा होता. पेन्सिलीनं काढलेला, स्केल टाकलेली, कोपऱ्यात उत्तरेचा बाण. नदी, पूल, रेल्वेचे रूळ, चर्च, घड्याळ, बाजार. पूल न ओलांडता टेकडीवरून डोळ्यांनी मोजून काढलेला. नदीपलीकडच्या भागावर त्यांच्या वळणदार अक्षरांत लिहिलं होतं ‘गावठाण’. आणि अलीकडं, पूर्वेच्या अंगाला, सात छोट्या चौकोनांवर एकच शब्द होता, ‘वस्ती’.

वारा, सांडपाणी, नदी, पुलावरून मागं वळून बघणं, सगळं एकदम समोर आलं. माझ्या बापाला वाटत होतं की सात समुद्र ओलांडून त्यांच्या लेकीला पुन्हा गावाबाहेर जागा मिळाली आहे.

मी रागीट आहे, हे माझ्या घरात कुणी नाकारणार नाही. वही घेऊन मी तरातरा त्यांच्या खोलीत गेले.

“हे काय आहे अण्णा?”

“नकाशा.”

“वस्ती? मला कुणी इथं घातलेलं नाही. हे घर मी निवडलंय. ह्यांना रोज सकाळी श्रूजबरीची ट्रेन गाठायला लागते, दिवसाला गाड्याच मोजक्या, म्हणून स्टेशनजवळ घेतलं. गावात घर मिळत होतं मला. बाजारातच. गाडी लावायला जागा नव्हती म्हणून नको म्हटलं!”

“असेल.”

“असेल काय?”

“ते गावातलं घर तुला आधी दाखवलं होतं का हे?”

मी उत्तर द्यायला तोंड उघडलं आणि मला आठवेना. एजंट बाई गोड होत्या. यादी त्यांनी केली होती. क्रम काय होता, देव जाणे. पुण्यात घर भाड्यानं बघताना आडनाव ऐकून दोनदा ‘कळवतो’ म्हणाले होते, ते मात्र मला लख्ख आठवत होतं. हे आठवेना याचाच मला जास्त राग आला. टेबलावरचं खोडरबर उचलून मी तो शब्द पुसायला गेले.

अण्णांनी वहीवर हात ठेवला. “मोजणीच्या कागदावर खाडाखोड चालत नाही. जे आहे ते आहे.”

मग हळू आवाजात म्हणाले, “तुझ्यावर राग नाही बाई. तू सुखात आहेस, मला दिसतंय. पण मला इथं खिडकीत बसलं की ओढा दिसतो. सप्टेंबरला जातो मी. पुन्हा नको बोलावू.”

मी आत जाऊन नळ सोडून रडले. आई नाही, आणि आता हेही यायचे नाहीत. कशामुळं, तर नदीच्या कुठल्या काठाला घर आहे यामुळं. रडता रडता मला हसूही येत होतं.

त्यानंतर घरात सगळे एकमेकांशी फार गोड बोलू लागलो. ते भांडणापेक्षा वाईट असतं.

माझा एक पेशंट होता. आमच्याच काठावर, बांधाच्या टेकडीवर त्यांचं मेंढ्यांचं फार्म. आम्ही त्यांना घरात टेकडीवाले म्हणतो. ऐंशीच्या पुढचे, एकटे, आणि पायाला न भरणारी जखम. आठवड्यातून दोनदा मी ड्रेसिंगला जायची. जून लागला तसे ते बेचैन झाले. बांधगावात दर पाच वर्षांनी गावाच्या हद्दीची फेरी निघते. बीटिंग द बाउंड्स म्हणतात. म्हातारेकोतारे, पोरंबाळं, कुत्री, सगळे हद्दीवरून चालतात आणि प्रत्येक खुणेच्या दगडाला काठीनं मारतात. फेरी आजवर टेकडीवाल्यांनी नेली, त्याआधी त्यांच्या वडिलांनी. या वर्षी पायामुळं जमणार नव्हतं, आणि एका दगडाची नेमकी जागा, सगळे त्यांच्या मागूनच जायचे म्हणून, दुसऱ्या कुणाला सांगता येत नव्हती.

“कौन्सिलची दोन पोरं फोन घेऊन गेली होती,” ते म्हणाले. “फोन म्हणतो इथं, तिथं काटेरी झुडपं. परत आली. मी गेलो की तो दगडही गेला.”

पट्टी गुंडाळता गुंडाळता मी म्हटलं, “माझे वडील सर्व्हेअर होते.” बोलून गेले आणि वाटलं, कशाला बोलले.

“मग आण की त्यांना,” ते म्हणाले.

अण्णांना मी सरळ सांगितलं, की एक हद्दीचा दगड हरवलाय आणि कुणाला सापडत नाही. त्यांचा चेहरा बघण्यासारखा झाला. त्या भांडणानंतर पहिल्यांदा त्यांनी स्वतःहून बूट काढले कपाटातून.

टेकडीवाल्यांच्या स्वयंपाकघरात दोघं समोरासमोर बसले आणि मी मधे दुभाष्या. अण्णांना इंग्रजी येतं, पण टेकडीवाल्यांचं इंग्रजी मलाच वर्षभर कळलं नव्हतं. त्यांनी सांगितलं ते असं. पूर्वी कधीतरी पुरात नदीनं पात्र बदललं. नदी सरकली, पण हद्द जुन्या पात्रातच राहिली. म्हणून आमच्या काठावर एक कुरण आहे जे खरं वेल्सचं आहे, आणि दगड त्या कुरणाच्या टोकाला आहे.

“बरोबर आहे,” अण्णा एकदम म्हणाले. “नदी सरकली म्हणून हद्द सरकवता येत नाही. आमच्याकडं कृष्णाकाठी हेच भांडण.”

मग अण्णांनी चहाचा कप खाली ठेवला आणि मला मराठीत म्हणाले, “विचार त्यांना, ह्यांना गावाबाहेर घर कुणी दिलं?”

“अण्णा, प्लीज.”

“विचार.”

मी जमेल तसं मऊ करून विचारलं. टेकडीवाले मोठ्यांदा हसले. दिलं? कुणाची छाती होती द्यायची? त्यांचे आजोबा गावात राहायला तयारच नव्हते. शेजाऱ्याचं घड्याळ ऐकू येईल इतक्या जवळ माणसानं राहू नये, असं म्हणायचे. आणि गावातले लोक तरी काय, निम्मे बर्मिंगहॅमहून आलेले, त्यांना त्यांचीच हद्द माहीत नाही. आत राहणाऱ्याला हद्द दिसत नाही, बाहेर राहणाऱ्याला रोज दिसते.

मी हे सगळं अण्णांना सांगितलं. त्यांनी टेबलावरच्या मेणकापडाची सुरकुती बोटानं सरळ केली.

“आपल्या मर्जीनं?”

“हो.”

“मर्जीनं कुणी बाहेर राहतं का?” हे त्यांनी मला नाही, स्वतःलाच विचारलं.

जाताना टेकडीवाल्यांनी दगडाची खूण सांगितली, जशी त्यांच्या वडिलांनी सांगितली होती. दगडावर उभं राहिलं की चर्चचा मनोरा बांधाच्या खिंडीच्या बरोबर खाली येतो. आणि डावीकडं वळलं की फार्मचं धुराडं मोठ्या ओकच्या आड जातं. मग ते हसून म्हणाले, “मला कसं लक्षात राहिलं ठाऊक आहे? मी सहा वर्षांचा होतो. वडिलांनी मला उलटं धरलं आणि डोकं त्या दगडावर आपटलं. अशीच रीत होती. पोराला लागलं की जागा विसरत नाही.”

मी मराठीत सांगायच्या आधीच अण्णांना कळलं होतं. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं होतं आणि ते हसत होते. “सांग त्यांना,” ते म्हणाले, “माझ्या बापानं शिवेच्या दगडापाशी नेऊन मला थोबाडीत मारली होती. काही चूक नसताना. मी रडत विचारलं, का मारलं? तर म्हणाला, आता हा दगड तू मरेपर्यंत विसरणार नाहीस.” त्यांनी डाव्या गालाला हात लावला. “नाही विसरलो.”

मी सांगितलं. टेकडीवाल्यांनी दुखरा पाय स्टुलावरून खाली घेतला, पुढं वाकून अण्णांचा हात हातात घेतला आणि बराच वेळ सोडला नाही. मी खिडकीबाहेरच्या मेंढ्या मोजत राहिले.

दगड शोधायला आम्ही तिघं गेलो, अण्णा, मी आणि लेक. अण्णांनी तीन काठ्या मागून घेतल्या होत्या. एक तिनं धरायची, एक मी. “डावीकडं, अजून, बस्स,” असं त्यांचं ओरडणं कुरणभर चाललं होतं. मनोरा आणि खिंड यांची एक ओळ धरली, मग धुराडं आणि ओकची दुसरी. दोन्ही ओळी कापत होत्या तिथं ब्लॅकबेरीच्या काटेरी जाळीचा डोंगर. मी म्हटलं, झालं. अण्णांनी कोट काढून माझ्याकडं दिला, काठी जाळीत घालून इकडंतिकडं टोचू लागले. माती, माती, माती, आणि मग टक असा आवाज आला.

“आजोबा! मिळाला! दगड मिळाली!” लेक ओरडली.

“मिळाली,” अण्णा म्हणाले. तालुक्यात ज्यांनी कारकुनांची शुद्धलेखनं सुधारली ते अण्णा.

फेरीच्या दिवशी साठ-सत्तर माणसं जमली होती. टेकडीवाले लँड रोव्हरमध्ये, काच खाली करून. पुढं कोण चालणार असं कुणीतरी विचारलं, तेव्हा त्यांनी काचेतून काठी बाहेर काढली आणि अण्णांच्या हातात दिली. अण्णांनी माझ्याकडं बघितलं. ते पुढं झाले आणि सगळं गाव त्यांच्या मागून निघालं. कुरणातून, जुन्या पात्राच्या कडेनं, अल्डरच्या झाडांखालून. अण्णा थांबतील तिथं माणसं थांबत होती. मी माझ्या आजोबांना कधी पाहिलं नाही, पण त्या दिवशी त्यांची चाल कशी असेल ते बघितलं.

जाळी साफ केलेल्या दगडापाशी सगळे गोळा झाले. रीतीप्रमाणं एका पोराचं डोकं टेकवायचं होतं. आता आपटत नाहीत, नुसतं टेकवतात. टेकडीवाले गाडीतून ओरडले, सर्व्हेअरची नात! लेक लाजली, मग स्वतःच गुडघ्यावर बसली आणि मान खाली घातली. दोघा-तिघांनी तिचे खांदे धरले. डोकं दगडाला लागणार एवढ्यात अण्णांनी वाकून मधे आपला तळहात घातला. तिचं कपाळ दगडाला लागलंच नाही, त्यांच्या हातावर टेकलं.

“आजोबा, मग मी विसरणार,” ती म्हणाली.

“नाही विसरणार तू,” अण्णा म्हणाले.

फेरी पुलावरून गावात शिरते आणि घड्याळापाशी संपते. मी मागं राहिले होते, मुद्दाम. अण्णा काठी टेकत पुलावर चढले, मध्यावर आले. तिथं ते क्षणभर थांबले, तशी मागची सत्तर माणसंही थांबली, त्यांना वाटलं इथंही काही खूण आहे. मग ते पुढं निघाले. हॉलमध्ये चहा आणि केक होता. त्यांना खुर्ची दिली आणि दोन बायका, तुमच्या गावात हे कसं करतात, असं विचारत शेजारी बसल्या. गुडघा दुखतो असं त्या दिवशी कुणी म्हणालं नाही.

सगळं त्यामुळं फिटलं असं मी म्हणणार नाही. त्यानंतरही अण्णा खिडकीत बसले की कधी कधी गप्प व्हायचे. एजंट बाईंनी कुठलं घर आधी दाखवलं ते मला अजून आठवत नाही. पण लायब्ररीत ते रोज जाऊ लागले. पुन्हा यायचा विषय काढायला मात्र माझी जीभ रेटत नव्हती. एकदा नको म्हणाले होते, दुसऱ्यांदा ऐकायची तयारी नव्हती.

सप्टेंबरमध्ये, जायच्या आदल्या रविवारी, अण्णांनी स्वयंपाकघराच्या टेबलावर नवा कोरा कागद पसरला. जुना नकाशा वहीत तसाच होता. नव्यात कुरण आलं, जुनं पात्र आलं, दगडाच्या जागी छोटा त्रिकोण. नावं घालायला त्यांनी लेकीला बसवलं. ते सांगत होते, ती जिभेचं टोक बाहेर काढून लिहीत होती. गाव. पूल. शिवेचा दगड. बांध. मग पेन्सिल नदीच्या अलीकडं आली, सात चौकोनांवर, आणि थांबली.

“आजोबा, इथे काय लिहायचा?”

मी भांडी घासत होते. मी नळ बंद केला.

अण्णा म्हणाले, “तू राहतेस इथं. तूच ठरव.”

तिनं फार विचार केला नाही. मोठ्या गोल अक्षरांत लिहून टाकलं, ‘आमचा घर’.

माझ्यातली मास्तरीण गप्प बसेना. ओल्या हातानंच मी खोडरबर उचललं. “अगं, आमचं. आमचं घर.”

अण्णांनी कागदावर हात ठेवला. “मोजणीच्या कागदावर खाडाखोड चालत नाही,” ते म्हणाले. “राहू दे तसंच. पुढच्या वर्षी आलो की नवीन कागद घेऊ.”